कांसव आणि अळंबें : एका पक्षपाताचा विचार

शेतकऱ्याचा न्याय सामान्यतः एकाच पायावर उभा असतो. जनावर असो, झाड असो किंवा पीक असो, तें काय काम करतें हें तो प्रथम पाहतो, आणि तें डोळ्यांस कसें दिसतें हें मागाहून पाहतो. निसर्गाच्या रक्षणाची चर्चा जेथें चालते तेथें मात्र पुष्कळदां याच्या उलट न्याय चालतो. जें सुंदर, जें डोळ्यांनीं पाहणारें, जें पिलांना जन्म देणारें, त्याच्यासाठीं सभा भरतात, कायदे होतात व पैसा जमतो. आणि जें कुजट, मुकें व जागचें न हलणारें, त्याची कोणी वास्तपुस्तही करीत नाहीं. हा पक्षपात अन्यायाचा तर आहेच. पण तो शेतीच्या दृष्टीनें तोट्याचाही आहे, असें आमचें मत आहे.

हें मत स्पष्ट व्हावें म्हणून आम्ही येथें दोन जीवांची तुलना करणार आहों. पहिला जीव म्हणजे मेक्सिकोच्या आखातांतील 'केंप रिडले' नांवाचें समुद्री कांसव. दुसरा म्हणजे अमेरिकेच्या वायव्य भागांतील डोंगरांत, जुन्या फर वृक्षांच्या बुंध्यावर वाढणारें, लाकूड कुजविणारें एक प्रचंड अळंबें. दोघांचीही गणना आज नाहींसे होण्याच्या भीतींत असलेल्या जीवांत होते. दोन्ही परदेशचे, मग आमच्या मासिकांत त्यांचें काय काम, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, त्यांपैकीं दुसरा जो धंदा करतो त्याच धंद्यावर आपल्या जमिनीचा कस अवलंबून आहे. आणि त्या धंद्यास जी वस्तु लागते, म्हणजे जुनें झाड, ती पुष्कळ ठिकाणीं आपणां जमीनधारकांच्याच ताब्यांत आहे.

प्रथम कांसवाची हकीकत सांगतों. समुद्री कांसवांत हें आकारानें सर्वांत लहान. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ सुमारें दोन फूट लांब व वजन चाळीस किलोग्रॅमच्या आसपास भरतें. १८८० सालीं सॅम्युअल गार्मन या शास्त्रज्ञानें, नमुना पाठविणाऱ्या फ्लोरिडांतील रिचर्ड केंप यांच्या नांवावरून त्यास नांव दिलें. या कांसवाची मोठी खोड अशी कीं, अंडीं घालण्यासाठीं त्याच्या बहुतेक सर्व माद्या मेक्सिकोच्या तामाउलिपास प्रांतांतील रांचो नुएव्होच्या आसपासच्या किनाऱ्यावरच येतात, आणि त्याही झुंडीनें व दिवसाउजेडीं. १९४७ सालच्या जून महिन्यांत आंद्रेस हेरेरा नांवाच्या गृहस्थानें तेथील एका झुंडीचें चलचित्र घेतलें. त्यावरून त्या एका दिवशीं सुमारें चाळीस हजार माद्या वाळूवर आल्या असाव्यात असा अंदाज पुढें शास्त्रज्ञांनीं केला.

त्यानंतर अवघ्या अडतीस वर्षांत, म्हणजे १९८५ सालीं, सगळ्या हंगामांत मिळून या किनाऱ्यावर फक्त ७०२ घरटीं मोजण्यांत आलीं. एक मादी एका हंगामांत दोनतीन वेळां अंडीं घालते हें लक्षांत घेतलें, तर माद्या तीनशेंच्या आसपासच उरल्या होत्या असें होतें. कारणें दोन होतीं. अंडीं खणून बाजारांत विकलीं जात असत, हें एक. आणि कोळंबी धरण्याच्या मोठ्या ओढजाळ्यांत सांपडून कांसवें गुदमरून मरत असत, हें दुसरें. कांसव पाण्यांत राहत असलें तरी श्वास हवेंतच घेतें. जाळ्यांत अडकून वर येतां आलें नाहीं तर तें बुडून मरतें.

उपायही दोनच झाले. मेक्सिको सरकारनें १९६६ पासून किनाऱ्यावर पहारा बसविला, व पुढें १९७८ पासून अमेरिकेच्या मदतीनें अंडीं कुंपणांत सुरक्षित ठेवून पिलें समुद्रांत सोडण्याचें काम वाढविलें. दुसरा उपाय जाळ्याचा. जॉर्जियांतील सिंकी बून नांवाच्या एका कोळंबीवाल्यानें आपल्या जाळ्यांत शिरणारे जेलीमासे बाहेर टाकण्यासाठीं लोखंडी गजांची एक तिरपी चौकट बनविली होती. तीच युक्ति कांसवास उपयोगी पडली : कोळंबी गजांमधून मागें जाते, व कांसव चौकटीवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेनें बाहेर पडतें. १९८७ सालीं अमेरिकेनें अशा चौकटीचा नियम केला. या दोन उपायांनीं घरट्यांची संख्या वाढत वाढत २००९ सालीं वीस हजारांच्या वर गेली. २०१० सालीं आखातांत तेलाची मोठी गळती झाली व त्याच वर्षीं घरटीं एकदम घटलीं. तेव्हांपासून चढउतार चालू आहे, आणि हें कांसव अद्यापि अतिसंकटग्रस्तच गणलें जातें. तथापि तें मरणाच्या दारांतून मागें फिरलें यांत शंका नाहीं.

आतां अळंब्याची हकीकत ऐका. याचें शास्त्रीय नांव ब्रिजिओपोरस नोबिलिसिमस. त्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'अत्यंत थोर' असा आहे. ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील डोंगरांवर नोबल फर नांवाचे उंच सूचिपर्णी वृक्ष आहेत. त्यांच्या व तशाच दुसऱ्या एका जातीच्या फरच्या बुंध्याशीं हें वाढतें. ऑरेगनांतील सँडोज नांवाच्या दोघां भावांस १९४० नंतरच्या दशकांत तें सांपडलें, व १९४९ सालीं विल्यम कुक या शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. आपल्याकडे पावसाळ्यांत उकिरड्यावर येणारी व दोन दिवसांत विरघळणारी छत्री डोळ्यांपुढें आणूं नये. हें अळंबें लाकडासारखें टणक असून वर्षानुवर्षें टिकतें व थरावर थर चढवीत वाढतें. सव्वाशें किलोग्रॅमहून अधिक वजनाचा नमुना मिळालेला आहे; म्हणजे एकटें अळंबें तीन कांसवांच्या भारोभार झालें! त्याची पाठ केंसाळ असल्यामुळें तीवर शेवाळ रुजतें, आणि कधीं कधीं लहानसहान झाडेंही उगवतात.

हें दुर्मिळ कां झालें? त्याला कोणी धरलें नाहीं, खाल्लें नाहीं, कीं बाजारांत विकलें नाहीं. त्याचीं छत्रें बहुधा तीन फुटांहून अधिक जाडीच्या बुंध्यांवरच येतात, आणि एवढा बुंधा होण्यास फरला शतकें लागतात. असे वृक्ष लाकडासाठीं तोडले गेले, आणि त्यांबरोबर त्याचें घर गेलें. येथें एक गोष्ट शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत धरावी. नोबल फर ही जात मुळींच दुर्मिळ नाहीं. ऑरेगनांतील शेतकरी नाताळच्या सणासाठीं या झाडाची मोठी लागवड करतात व आठदहा वर्षांचीं झालीं म्हणजे तोडून विकतात. झाडें आहेत, नाहीं तें झाडांचें वय. ज्या अळंब्यास म्हातारें झाड लागतें, त्यास कोवळ्या झाडांचें सबंध शेत दिलें तरी तें निरुपयोगी होय.

या दोन जीवांत वरवर पाहतां कांहींच साम्य नाहीं. तरी बारकाईनें पाहणाऱ्यास चार गोष्टी सारख्या आढळतील. पहिली, दोघेही एका जागेस बांधलेले आहेत. एकास विशिष्ट वाळू लागते, दुसऱ्यास विशिष्ट वयाचें लाकूड. दुसरी, दोघांचेंही बीं अफाट व त्यांतून टिकणारें अत्यल्प. कांसव एका वेळीं सुमारें शंभर अंडीं घालतें, त्यांतून थोडींच पिलें मोठीं होतात. अळंब्याचीं बीजुकें तर अगणित, पण योग्य लाकडावर पडून रुजणारीं क्वचितच. तिसरी, दोघांचाही नाश वैरानें झाला नाहीं. जाळें कोळंबीसाठीं टाकलें होतें, कुऱ्हाड लाकडासाठीं चालली होती. हे दोघे मध्यें सांपडले. आणि चौथी, जी आपणांस जवळची, ती अशी कीं दोघेही खत वाहून नेणारे आहेत. किनाऱ्यावर घातलेल्या अंड्यांपैकीं जीं उबत नाहींत तीं, व पिलें निघून गेलेल्यांचीं टरफलें, वाळूंतच राहून कुजतात. समुद्रांतलें सत्त्व अशा रीतीनें ओसाड वाळूंत येतें व किनाऱ्यावरील गवतास मिळतें. अळंबें तर प्रत्यक्ष खताचाच कारखाना आहे. लाकडांत लिग्निन नांवाचें जें चिवट द्रव्य असतें, तें गुरांस पचत नाहीं. तें फोडण्याचें काम जगांत मुख्यतः लाकूड कुजविणारीं अळंबींच करतात. डोंगरावरची माती काळी व भुसभुशीत असते ती कित्येक पिढ्यांच्या अशा कुजण्यानें.

आतां भेद पाहूं. तो मुख्यतः उपायांत आहे, आणि आमच्या म्हणण्याचा गाभा येथेंच आहे. कांसवाचें पिलूं दहापंधरा वर्षांत अंडीं घालण्याजोगें होतें. म्हणून एका पिढीच्या माणसांनीं पहारा केला, जाळीं सुधारलीं, तर त्याच पिढीस फळ दिसतें. अळंब्याच्या बाबतींत पहाऱ्यानें कांहीं साधत नाहीं, कुंपणानें साधत नाहीं. त्याला तीनशें वर्षांचा वृक्ष हवा असेल तर तो आज कोणत्याही खजिन्यांतून विकत मिळणार नाहीं. जे उभे आहेत ते न तोडणें हाच काय तो उपाय. ज्या हानीची भरपाई लवकर होते तिच्याविषयीं आपण जागरूक आहों, आणि जी शतकांतही भरून येत नाहीं तिच्याविषयीं बेफिकीर आहों, हा व्यवहार उलटा नव्हे काय?

कायद्यानेंही हाच उलटा व्यवहार केला आहे. केंपच्या कांसवास अमेरिकेच्या संरक्षित यादींत १९७० सालींच स्थान मिळालें. एवढेंच नव्हे, तर परदेशच्या कोळंबीवाल्यांनींही कांसवें वांचवावींत म्हणून त्या देशानें बाजाराचें हत्यार उपसलें, आणि २०१९ सालीं भारताच्या समुद्रांत धरलेल्या कोळंबीची आयात बंद करून आपल्या कोळ्यांस त्याची झळ लावली. उलट ऑरेगनच्या अळंब्यास १९९४ सालच्या वनयोजनेंत, सरकारी जंगल तोडण्यापूर्वीं तें आहे किंवा नाहीं हें पाहावें, एवढा नियम मिळाला. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत समुद्री कांसवें आहेत, आणि तें योग्यच आहे. पण त्या कायद्याच्या अनुसूचींत एकाही अळंब्याचें नांव नाहीं. आंतरराष्ट्रीय लाल यादींत तपासणी झालेल्या बुरशीवर्गीय जातींची संख्या २०२५ सालीं कोठें हजाराच्या वर गेली. आणि शास्त्रास माहीत असलेल्या अशा जाति तर दीड लाखाच्या घरांत आहेत. ज्यांची अजून मोजदादही झाली नाहीं त्यांपैकीं किती गेल्या हें कोण सांगणार?

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, त्यांचा विचार करणें प्राप्त आहे.

पहिला आक्षेप आपल्याच शेतकरीबंधूंचा. ते म्हणतील कीं, अळंबें हा आमचा शत्रु आहे. नारळीच्या बुंध्याशीं गॅनोडर्मा जातीचें अळंबें आलें कीं मुळें कुजून झाड जातें, मग त्याची कींव कशाला? हें म्हणणें खरें आहे, व असें रोगट झाड मुळांसकट काढून जाळावें हा सल्लाही योग्य आहे. परंतु एका जातीच्या अपराधासाठीं सबंध वर्गास शिक्षा करणें हा न्याय नव्हे. साप विषारी असतात म्हणून धामणीस मारणाऱ्या शेतकऱ्याच्या कोठारांत उंदीर माजतात. भाताच्या पेंढ्यावर व सोयाबीनच्या कुटारावर जी धिंगरी अळंबी आपण पैशासाठीं वाढवितों, तीही लाकूड कुजविणाऱ्यांच्याच कुळांतली आहे. बागेंतील रोग व रानांतील कुजणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील भेद शेतकऱ्यास समजणार नाहीं तर कोणास समजणार?

दुसरा आक्षेप असा कीं, हें एक अळंबें नाहींसें झालें म्हणून फरचीं लाकडें कुजावयाचीं राहणार आहेत थोडींच? दुसरीं अळंबीं तें काम करतील. हेंही बव्हंशीं खरें आहे, आणि जें खरें आहे तें नाकारून आम्हांस आमचा पक्ष बळकट करावयाचा नाहीं. पण हाच न्याय कांसवासही लागू पडतो. केंपचें कांसव नाहींसें झालें तर मेक्सिकोच्या आखातांतले खेकडे माजून कोणाचा संसार बुडेल असें सिद्ध झालेलें नाहीं. तरी त्याच्यासाठीं दोन राष्ट्रें पन्नास वर्षें झटलीं, कारण एक जात गेली म्हणजे ती कायमची गेली. हें कारण कांसवास पुरेसें असेल तर अळंब्यासही पुरेसें असलें पाहिजे.

तिसरा आक्षेप विद्वानांचा आहे, व तो सूक्ष्म आहे. लाकडाच्या कणांची रासायनिक तपासणी केली असतां, जेथें बाहेर एकही छत्र दिसत नाहीं अशा झाडांतही या अळंब्याचे तंतु असल्याचें अलीकडे आढळलें आहे; म्हणजे तें समजलें होतें त्याहून अधिक पसरलेलें आहे. मग भीति कशाची? आमचें उत्तर शेतीच्या भाषेंत देतां येईल. रोपें पुष्कळ उगवलीं पण कणीस एकास धरलें नाहीं, तर पुढच्या वर्षाचें बियाणें कोठून येणार? छत्र म्हणजे त्याचें कणीस, आणि तें धरावयास जाड बुंधाच लागतो. तंतु आहेत ही आशेची गोष्ट खरी; पण ती आशा फळास यावयाची तर झाड म्हातारें होऊं दिलें पाहिजे.

येथवर परदेशची गोष्ट झाली, आतां घरची. केंपच्या कांसवाचें सख्खें भावंड, ऑलिव्ह रिडले, आपल्या कोंकणाच्या किनाऱ्यावर अंडीं घालावयास येतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें २००२ सालापासून सह्याद्रि निसर्गमित्र या चिपळूणच्या संस्थेनें व गांवकऱ्यांनीं मिळून त्याचीं घरटीं राखलीं, आणि आज तीं पिलें पाहण्यास दूरदूरचे लोक तेथें जातात. याबद्दल त्या गांवकऱ्यांचें कौतुक करावें तितकें थोडें. त्यावरून हेंही दिसून येतें कीं, कारण पटलें म्हणजे आपलीं माणसें एखाद्या जीवास वांचविण्यास सरकारची वाट पाहत बसत नाहींत.

आमचें मागणें इतकेंच कीं, हीच आस्था आपण जुन्या झाडासही दाखवावी. सह्याद्रींत देवराया आहेत. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत त्यांचा अभ्यास करून त्यांचें महत्त्व विद्वानांच्या नजरेस आणून दिलें. पण त्यांतील खरें शहाणपण आपल्या पूर्वजांचें होतें. देवराईंतील पडलेलें लाकूडही उचलूं नये असा दंडक पुष्कळ गांवीं होता. देवाच्या धाकानें का होईना, लाकूड जागच्या जागीं कुजत असे, आणि त्यावर वाढणारे जीव टिकत असत. आज देऊळ सुधारण्याच्या निमित्तानें त्याच रायांतील झाडें विकलीं जात असल्याचें ऐकूं येतें, आणि बांधावरच्या जुनाट आंब्याजांभळांचा सौदा ठेकेदार उभ्याउभ्या करून जातात. मेलेलें झाड तर कोणी एक पावसाळाही उभें राहूं देत नाहीं.

यास्तव तीन सूचना करतों. पहिली : प्रत्येक मोठ्या खातेदारानें आपल्या जमिनींत, घरापासून व वाटेपासून दूर असेल असें, निदान एक जुनें झाड तें आपोआप पडेपर्यंत राखावें, आणि पडल्यावर त्याचा ओंडका तेथेंच कुजूं द्यावा. सरपणाचे चार पैसे जातील. पण सव्वाशें वर्षांचें झाड परत आणण्यास सव्वाशें वर्षेंच लागतात, हा हिशेबही मांडून पाहावा. दुसरी : २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें गांवोगांव समित्या असून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. तींत गुरें, वाणें, पक्षी यांबरोबर आपल्या रानांतील अळंब्यांचीही नोंद व्हावी. कोणतें अळंबें कोणत्या झाडावर, कोणत्या नक्षत्रांत येतें, हें आपल्या गांवच्या धनगरांस, कातकऱ्यांस व वृद्ध बायाबापड्यांस जितकें ठाऊक आहे तितकें ग्रंथांत सांपडणार नाहीं. आणि तें ज्ञान त्यांच्याबरोबरच चाललें आहे. तिसरी : कृषि महाविद्यालयांनीं अळंब्यांचा विचार रोग व बाजार या दोनच सदरांखालीं न करतां, रानांतील लाकूड कुजविणाऱ्या जातींची पाहणीही हातीं घ्यावी, आणि सरकारनें संरक्षणाच्या यादींत या वर्गास जागा द्यावी.

कांसवाचें एक अंडेंही कमी करावें असें आम्ही म्हणत नाहीं. किनाऱ्यावर ज्यांनीं रात्रीं जागून काढल्या त्यांचें काम मोठें आहे व तें चालू राहिलें पाहिजे. परंतु वाळू राखण्यास जसे वेळासचे गांवकरी पुढें आले, तसे बुंधा राखण्यास शेतकरी पुढें आले पाहिजेत. कारण तो आपल्या बांधावर आहे, आणि तो ठेवावा कीं विकावा हें ठरविणारेही आपणच आहों. येत्या उन्हाळ्यांत ठेकेदार दारीं येईल तेव्हां या लेखाची वाचकांस आठवण राहावी, एवढीच विनंति आहे.